वाचोपचारतज्ज्ञाची पात्रता आणि रुग्णाची भाषा : कोलकात्याच्या संदर्भात

अडखळत बोलणे, बोबडे बोलणे, नाकात बोलणे, पक्षाघातानंतर तोंडातला शब्द हरवणे, या सर्व अवस्थांवर उपाय करणाऱ्या व्यक्तीला मराठीत अद्याप एक सर्वमान्य नाव मिळालेले नाही. 'वाचोपचारतज्ज्ञ', 'वाक्‌चिकित्सक', 'भाषोपचारतज्ज्ञ' असे शब्द लेखनात आढळतात. व्यवहारात मात्र 'स्पीच थेरपिस्ट' हाच शब्द चालतो, आणि कोलकात्याच्या बंगाली घरांतूनही तोच ऐकू येतो. दोषांची नावे मात्र दोन्ही भाषांत जुनी आणि घरगुती आहेत. मराठीत तोतरा, बोबडा, गेंगाणा, मुका. बंगालीत तोतला, बोबा. (बंगाली 'बोबा' म्हणजे मुका, बोबडा नव्हे; अनुवादकाने येथे सावध असावे.) दोष ओळखणारा समाज होता, त्याला हसणाराही होता; तो दूर करण्याचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतलेला माणूस मात्र फार उशिरा आला. म्हणूनच दोषाला देशी नाव आहे आणि उपचार करणाऱ्याला नाही.

हा माणूस कोणत्या शिक्षणाने तयार होतो, कायदा त्याच्याकडून काय मागतो आणि काय मागत नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. भारतीय साहित्यांच्या अभ्यासकांपुढे हा विषय मांडण्यास कारण आहे. वाचोपचाराचे साधन औषध नव्हे, शस्त्र नव्हे. ते साधन भाषा आहे, आणि तीही रुग्णाची भाषा. पात्रतेच्या अटींत मात्र या भाषेला जे स्थान मिळायला हवे होते ते मिळालेले नाही.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. भारतीय पुनर्वास परिषद १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून स्थापन झाली. १९९२ च्या अधिनियमाने तिला वैधानिक दर्जा दिला आणि तो अधिनियम १९९३ मध्ये अमलात आला. परिषदेने मान्य केलेली अर्हता आणि केंद्रीय नोंदवहीत नाव, या दोन गोष्टींवाचून कोणासही हा व्यवसाय करता येत नाही. केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा अधिनियमात आहे. दंडाची ही रक्कम आज हास्यास्पद वाटते. पण तत्त्व महत्त्वाचे आहे. आणखी एक गंमत अशी की, अधिनियमाने पुनर्वसन-व्यावसायिकांची यादी देताना 'श्रवणतज्ज्ञ व वाचोपचारतज्ज्ञ' असा एक वर्ग सांगितला आणि पुढे 'वाक्‌-विकृतितज्ज्ञ' असा आणखी एक वेगळा वर्ग नमूद केला. नावाचा गोंधळ केवळ मराठीतच आहे असे नव्हे.

अर्हतेचा राजमार्ग म्हणजे श्रवणविज्ञान आणि वाक्‌-भाषा-विकृतिविज्ञान या जोडविषयाची पदवी, बी. ए. एस. एल. पी. या आद्याक्षरांनी ती ओळखली जाते. पूर्वी ही पदवी तीन वर्षांची होती. आता तीन वर्षांचे अध्यापन आणि एक वर्षाची आंतरवासिता मिळून ती चार वर्षांची आहे. प्रवेशासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र, तसेच जीवशास्त्र, गणित किंवा परिषदेला मान्य असा एखादा विषय लागतो. अभ्यासक्रमात कान, स्वरयंत्र, जीभ, टाळू आणि मेंदू यांची रचना व कार्य, ध्वनीचे भौतिकशास्त्र, मानसशास्त्र, संख्याशास्त्र आणि भाषाविज्ञान हे विषय असतात. त्यापुढे तोतरेपणा, आवाजाचे विकार, दुभंगलेला टाळू, बालकांचा भाषाविकास, वाचाघात, श्रवणयंत्रे अशी एकेक क्षेत्रे घेतली जातात. पदवीनंतर दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे; तेथे श्रवणाची आणि वाचेची शाखा आता वेगळी होते. खालच्या पायरीवर एक वर्षाची पदविका आहे. तीधारकाने पदवीधराच्या देखरेखीखाली साहाय्यकाचे काम करावे अशी अपेक्षा असते. नोंदणीचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते.

विज्ञानाची अट अनाठायी आहे असे म्हणता येणार नाही. साहित्याच्या अभ्यासकाला ती जाचक वाटेल; परंतु आजच्या वाचोपचारतज्ज्ञाकडे गिळण्याच्या विकाराचे रुग्णही येतात. पक्षाघाताच्या रुग्णाला पाणी कसे पाजावे हे चुकले, तर ते पाणी श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाला बाधा होते आणि प्राणावर बेतते. अशा ठिकाणी शब्दप्रेम उपयोगी पडत नाही. इंग्लंडच्या सहाव्या जॉर्ज राजाचा तोतरेपणा आटोक्यात आणणारा लायोनेल लोग हा ऑस्ट्रेलियन गृहस्थ वक्तृत्वाचा शिक्षक होता, त्याच्याकडे वैद्यकाची पदवी नव्हती, हे उदाहरण वारंवार दिले जाते. मात्र त्यावरून पदवी निरुपयोगी ठरत नाही. लोगच्या काळी शिकवायला शास्त्रच थोडे होते, एवढेच त्यावरून ठरते.

अट आहे ती योग्य. जी नाही तिची उणीव आहे. बारावीला कला शाखा घेऊन पुढे बंगाली, मराठी किंवा भाषाविज्ञान या विषयात एम. ए. झालेल्या विद्यार्थ्याला या व्यवसायाचे दार कायमचे बंद असते. ब्रिटनमध्ये अन्य विषयाच्या पदवीधरांसाठी, त्यांत भाषाविज्ञानाचे पदवीधरही आले, दोन वर्षांचे पदव्युत्तर व्यावसायिक अभ्यासक्रम आहेत. शरीरशास्त्र त्यांना तेथे शिकवले जाते. आपल्याकडे भाषेकडून शरीराकडे जाण्याची वाट नाही. शरीराकडून भाषेकडे जाण्याची आहे, पण ती अरुंद आहे. भाषाविज्ञान आणि ध्वनिविज्ञान हा विषय विद्यार्थी आरंभी शिकतो, तो इंग्रजीत आणि बहुतेक इंग्रजी उदाहरणांवर. ज्या नगरात तो पुढे रुग्ण तपासणार त्या नगराच्या भाषेची रचना त्याला ठाऊक असावी, अशी अट पात्रतेत नाही.

कोलकाता हे नगर येथे विशेष विचारात घेण्याजोगे आहे. मूकबधिरांना बोलायला शिकवण्याचा संघटित प्रयत्न मुंबईत १८८० च्या दशकात सुरू झाला, आणि त्यामागोमाग १८९३ मध्ये कलकत्त्यात मूकबधिर विद्यालय स्थापन झाले. सिटी कॉलेजचे उमेशचंद्र दत्त यांचा त्याला आधार होता; श्रीनाथ सिंह, जामिनीनाथ बॅनर्जी आणि मोहिनीमोहन मजुमदार ही त्याच्या आरंभकाळातील नावे होत. यांपैकी जामिनीनाथ त्या दशकातच इंग्लंडला आणि तेथून अमेरिकेत वॉशिंग्टनच्या गॅलोडेट महाविद्यालयात प्रशिक्षणासाठी गेले. वाचा शिकवण्यासाठी आधी स्वतः शिकावे लागते, त्यासाठी समुद्र ओलांडावा लागला तरी ओलांडावा, ही जाणीव या नगरात सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. त्या काळी ही पात्रता शिक्षकाची होती, चिकित्सकाची नव्हती.

चिकित्सकाच्या पात्रतेचा आरंभ भारतात १९६० च्या दशकात झाला. मुंबईत नायर रुग्णालयाशी संलग्न टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि म्हैसूरला १९६५ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय वाक्‌-श्रवण संस्थेत हे शिक्षण सुरू झाले. १९८३ मध्ये मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली. १९७० च्या दशकात महाराष्ट्राचे राज्यपाल असलेले अली यावर जंग ते हेच. या संस्थेचे पूर्व विभागीय केंद्र कोलकात्याच्या उत्तरेस, बी. टी. रोडवरील बनहुगली येथे आहे आणि पूर्व भारतातील या विषयाच्या शिक्षणाचे ते एक प्रमुख ठिकाण आहे. म्हणजे मुंबईच्या शाखेने बंगालमध्ये हे शास्त्र शिकवावे, असा योग येथे जुळून आला आहे. उलट दिशेचा एक योग याहून फार जुना आहे: विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये याच हुगळीच्या काठी, श्रीरामपूरला छापले गेले. परभाषेची रचना समजून घेतल्यावाचून त्या भाषेच्या माणसाशी व्यवहार करता येत नाही, हे फोर्ट विल्यम महाविद्यालयाने आपल्या राज्यकारभाराच्या गरजेपोटी ओळखले होते. चिकित्सेची गरज त्याहून कमी नाही.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. वाचोपचारतज्ज्ञाचे पहिले काम रोगनिदान, आणि ते कानाने करावयाचे असते. समोरचे मूल जे बोलते आहे ते वयाला साजेसे आहे काय, सदोष आहे काय, की केवळ निराळ्या भाषेचे किंवा बोलीचे आहे? या तीन शक्यता वेगळ्या करणे हीच या व्यवसायाची कसोटी होय, आणि तेथे पुस्तकी पदवी भाषाज्ञानावाचून पांगळी पडते.

एक साधे उदाहरण घेऊ. 'साबण' या शब्दाला मूल 'शाबण' म्हणते. मराठी कानाला हा बोबडेपणा वाटतो. बंगालीत मात्र श, ष, स ही तीन अक्षरे लेखनात टिकली तरी उच्चारात बहुधा 'श' हा एकच वर्ण उरला आहे. दंत्य 'स' मुख्यतः 'स्नान', 'आस्ते', 'श्री' अशा जोडाक्षरांत ऐकू येतो. म्हणून बंगाली मुलाने 'शाबान' म्हणणे हीच शुद्ध बंगाली. इतकेच नव्हे, तर स्वरापूर्वी दंत्य 'स' उच्चारणारा माणूसच बंगाली कानाला खटकतो आणि त्याच्या 'स'मध्ये दोष आहे असे लोक म्हणतात. एका भाषेतला दोष तो दुसरीतला नियम, आणि दुसरीतला दोष तो पहिलीतला नियम, असा हा प्रकार आहे. महाराष्ट्रातून शिकून कोलकात्यात गेलेला किंवा कोलकात्यात शिकून पुण्यास आलेला तरुण तज्ज्ञ केवळ आपल्या कानावर विसंबला, तर निरोगी मुलास रुग्ण ठरवील. क्वचित रुग्णास निरोगीही ठरवील.

कोलकात्यात वाढणाऱ्या सहा वर्षांच्या मराठी मुलाची कल्पना करू. घरात मराठी, गल्लीत बंगाली, शाळेत इंग्रजी. तो 'बाळ' ऐवजी 'बाल' म्हणतो, 'वारा' ऐवजी 'बारा', 'पाणी' ऐवजी 'पानी', आणि 'साबण' ऐवजी 'शाबन'. शिक्षिका किंवा आजी म्हणते की, मुलाची जीभ जड आहे. ज्याला दोन्ही भाषांची वर्णव्यवस्था ठाऊक आहे त्याच्या लगेच ध्यानात येईल की, ळ, व, ण आणि स्वरापूर्वीचा स हे चारही वर्ण बंगालीत नाहीत. मूल नेमक्या त्याच जागी अडते. बंगाली बोलताना त्याचे काही चुकत नाही. हा दोष नव्हे, दोन भाषांचा शेजार होय. याउलट मूल 'काका'ला 'ताता' म्हणत असेल, 'गाय'ला 'दाय' म्हणत असेल, आणि बंगाली शब्दांतही क-ग च्या जागी त-द आणत असेल, तर तेथे भाषांचा काही संबंध नाही. कंठ्य वर्ण त्याच्या ध्वनिव्यवस्थेत बसलेलेच नाहीत. खरा विकार मुलाच्या सर्व भाषांत दिसतो; भाषांचा प्रभाव एकीत दिसतो आणि दुसरीत दिसत नाही. स आणि श दोन्ही अस्पष्ट होत असतील तर सर्वप्रथम कान तपासावे, कारण उच्च कंपनसंख्येचे हे ध्वनी कमी ऐकणाऱ्यास आधी दुरावतात. श्रवण आणि वाचा ही जोडी एकाच पदवीत का बांधली आहे, याचे उत्तर येथे मिळते.

हे निदान चुकण्याची किंमत मोठी असते. 'मुलाशी घरात एकच भाषा बोला, मातृभाषा बंद करा', असा सल्ला अशा प्रसंगी आजही दिला जातो. दोन भाषा कानी पडल्याने मूल उशिरा बोलू लागते किंवा तोतरे होते या समजुतीला संशोधनाचा आधार नाही. पण सल्ला पाळला जातो, आणि ज्या आजी-आजोबांना ती एकच भाषा येते त्यांच्याशी मुलाचे बोलणे संपते. कित्येक पिढ्या बंगालच्या परिसरात स्थायिक झालेल्या मराठी कुळात जन्मलेले सखाराम गणेश देऊसकर (१८६९–१९१२) यांनी 'देशेर कथा' हा ग्रंथ १९०४ मध्ये बंगालीत लिहिला आणि तो इतका परिणामकारक ठरला की सरकारला त्यावर बंदी घालावी लागली. द्वैभाषिक घर हे विकाराचे उगमस्थान आहे असे मानणाऱ्यांनी हे एक उदाहरण ध्यानात ठेवावे.

बोलीचा प्रश्न याहून नाजूक आहे, कारण त्यात प्रतिष्ठा गुंतलेली असते. महाराष्ट्रात 'पानी', 'आनि', 'कोन' असे बोलणारा फार मोठा समाज आहे. त्याच्या बोलीत ण हा वर्ण नाही, किंवा न आणि ण यांत भेद नाही. त्याच्या जिभेला काही झालेले नाही. शाळेने त्या मुलास 'अशुद्ध' ठरवणे ही एक जुनी सामाजिक आपत्ती आहे; तज्ज्ञाने त्याच मुलाला 'उच्चारदोष' असे नाव देऊन कागदावर सही केली, तर त्या आपत्तीला शास्त्राची मान्यता मिळते. बंगालमध्ये फाळणीनंतर, १९४७ पासून पुढे, पूर्व बंगालचे लक्षावधी लोक कोलकात्यात आणि आसपासच्या वसाहतींत आले. त्यांच्या कित्येक बोलींत घ, ध, भ यांतील महाप्राण क्षीण होतो आणि च-ज यांचा उच्चार दंत्याकडे झुकतो. नदियाच्या आणि कोलकात्याच्या प्रमाण उच्चारावर बेतलेली चाचणी अशा घरातल्या मुलाला लावली, तर तो अनेक जागी 'नापास' होईल. चाचणीत कोणती बोली प्रमाण धरली हे तिच्या पहिल्या पानावर लिहिलेले असावे.

चाचण्यांविषयी येथे थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य आहे. उच्चारचाचणी म्हणजे चित्रांची यादी; चित्र दाखवायचे, मुलाने नाव सांगायचे, प्रत्येक वर्ण शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि अंती कसा येतो हे टिपायचे. इंग्रजी चाचणीचे शब्दशः भाषांतर केल्यास जे बिघडते ते भाषेच्या विद्यार्थ्याला सांगावयास नको. इंग्रजीत प आणि ब यांचा भेद तपासला की काम झाले. मराठीत आणि बंगालीत प, फ, ब, भ असा चौपदरी भेद आहे. 'भात'ला 'बात' म्हणणारे मूल भाषांतरित चाचणीतून निर्दोष म्हणून बाहेर पडेल. मराठीत आणखी एक अडचण अशी की, 'चिमणी'तला च तालव्य आहे आणि 'चाक'मधला दंततालव्य. अक्षर एक, वर्ण दोन. जाळे आणि जीव यांतही तेच. लिपीवरून शब्द निवडणारा माणूस च साठी एक चित्र घेईल आणि अर्धा च तपासायचा राहील. म्हैसूरला १९७० च्या दशकाच्या आरंभी कन्नडसाठी उच्चारचाचणी तयार झाली. त्यानंतर अन्य भारतीय भाषांतही, बंगाली आणि मराठी धरून, चाचण्या झाल्या आहेत. तरी त्यांची संख्या आणि व्याप्ती भाषांच्या विस्ताराच्या मानाने तोकडी आहे, आणि बोलींपर्यंत त्या क्वचित पोचल्या आहेत.

गंमत म्हणजे या कामाचा आराखडा आपल्या वर्णमालेत तयार आहे. क-वर्गापासून प-वर्गापर्यंत स्थानाचा क्रम, आणि प्रत्येक वर्गात घोष व महाप्राण यांचा क्रम. 'काका'चे 'ताता' होणे म्हणजे उभ्या स्तंभात सरकणे. 'भात'चे 'बात' होणे म्हणजे आडव्या ओळीत सरकणे. मुलाच्या चुका या पटावर मांडल्या की विकाराचे स्वरूप डोळ्यांपुढे येते. शिक्षाग्रंथांनी आणि प्रातिशाख्यांनी हे वर्गीकरण वेदपठणाच्या शुद्धतेसाठी केले. त्यांत वाईट पाठकाची लक्षणेही सांगितली आहेत. म्हणून प्राचीन भारतात वाचोपचार होता असे म्हणण्याचा मोह होतो, तो आवरावा. सदोष पाठकाला त्या परंपरेने दूर ठेवले. त्याला बरे करण्याची जबाबदारी तिने घेतल्याचे दिसत नाही. पटाचा उपयोग मात्र आपण करू शकतो, आणि तो बनहुगलीच्या विद्यार्थ्याला त्याच्या बालवाडीच्या पुस्तकातूनच ठाऊक असतो. फक्त तो चिकित्सेचे साधन आहे हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

प्रौढ रुग्णाकडे आले की ध्वनीपेक्षा व्याकरण पुढे येते. पक्षाघाताने मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाल्यावर जो वाचाघात होतो, त्याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांना रोमान याकोबसन यांच्या १९५६ च्या निबंधामुळे परिचित आहे. निवड आणि जोडणी या भाषेच्या दोन अक्षांपैकी कोणता मोडला यावरून त्यांनी वाचाघाताचे दोन प्रकार कल्पिले आणि त्यांचे नाते रूपक आणि लक्षणा यांच्याशी जोडले. पुढील संशोधनाने ही द्विभागणी फार ढोबळ ठरवली. आमच्या समीक्षेत मात्र तिचा पहिला भाग विसरून दुसराच तेवढा राहिला आहे. रुग्ण विसरला गेला, रूपक उरले.

रुग्णाकडे परत जाऊ. मराठी रुग्ण 'मुलगी गेला' म्हणाला तर व्याकरणाची हानी लगेच कळते, कारण मराठीत मुलगा गेला, मुलगी गेली, मूल गेले असा तिहेरी मेळ आहे. शिवाय 'मी आंबा खाल्ला', 'मी पोळी खाल्ली' यांत क्रियापद कर्माकडे वळते. बंगालीत 'छेले गेलो' आणि 'मेये गेलो' यांत क्रियापद एकच. लिंगाचा मेळ त्या भाषेत नाही. तेव्हा मराठी रुग्णाची जी परीक्षा लिंगवचनाने होते ती बंगाली रुग्णाची होऊ शकत नाही. तेथे 'दुटो बोइ', 'दुजन लोक' यांतील टा, टो, जन, खाना हे संख्येला चिकटणारे शब्दांश पाहावे लागतात, आणि क्रियापदातील आदराचे प्रत्ययही. तुइ, तुमि, आपनि या तिन्हींची क्रियापदे बंगालीत वेगळी आहेत. आजारातून उठलेले वृद्ध गृहस्थ सुनेला किंवा डॉक्टरला एकदम 'तुइ'च्या रूपाने बोलले, तर घराला तो अपमान वाटेल, किंवा 'यांचे डोके फिरले' असे वाटेल. तो प्रत्यय हरवला आहे, माणूस नव्हे, हे समजावून सांगणे उपचाराचाच भाग आहे. आणि हे सांगणारा आंतरवासितेतला एकवीस-बावीस वर्षांचा मुलगा असतो. त्याने स्वतः त्या रुग्णास 'मेशोमशाय' म्हणावे की 'काकू' (बंगालीत 'काकू' म्हणजे काका, हे मराठी वाचकास सांगितले पाहिजे), आणि लहान मुलासारखे चित्र दाखवून 'हे काय आहे?' असे विचारताना त्याचा मान कसा राखावा, हे कोणत्याच अभ्यासपत्रिकेत बसत नाही. पाश्चात्त्य वाचाघात-चाचणीची बंगाली रूपांतरे उपलब्ध आहेत, त्यांनी निदान सुकर झाले आहे. संभाषणाचे व्याकरण मात्र चाचणीबाहेर राहते.

यावर उपाय म्हणून 'तज्ज्ञाला त्या राज्याची भाषा आलीच पाहिजे' असा नियम करावा काय? मला तो पुरेसा वाटत नाही. राष्ट्रीय संस्थेत निरनिराळ्या राज्यांचे विद्यार्थी येतात, आणि ते यावेत. कोलकात्याच्या बाह्यरुग्ण विभागात बंगालीबरोबर हिंदी, उर्दू, ओडिया, नेपाळी, संथाली बोलणारे लोक येतात. एका भाषेची परीक्षा घेऊन हा प्रश्न सुटत नाही. बंगाली सहज बोलणाऱ्या बंगाली विद्यार्थ्यालाही 'माझ्या भाषेत स आणि श यांची विभागणी कशी आहे' हे विचारले तर बहुधा सांगता येणार नाही. भाषा बोलता येणे आणि तिची रचना ठाऊक असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हवे आहे ते असे की, पदवीच्या भाषाविज्ञानाच्या विषयात विद्यार्थ्याने निदान दोन भारतीय भाषांचे वर्णन प्रत्यक्ष माणसांकडून ऐकून, टिपून, तुलना करून सादर करावे. आणि हे काम त्याने भाषाविभागातील अध्यापकांच्या हाताखाली करावे. अपरिचित भाषेचा रुग्ण आला असता कोणाला काय विचारावे, दुभाष्याकडून उत्तर दुरुस्त न होता जसेच्या तसे कसे मिळवावे, हे अशाच सरावाने अंगवळणी पडते. दुभाषी म्हणून आलेला नातेवाईक रुग्णाचे मोडके वाक्य नकळत नीट करून सांगतो, आणि निदानाला हवा असलेला पुरावा तेथेच नाहीसा होतो.

भाषाविभागांनीही केवळ पाहुण्याच्या भूमिकेत राहू नये. इंग्रजीत आवाज आणि उच्चार तपासण्यासाठी 'रेनबो पॅसेज' हा ठरावीक उतारा दीर्घकाळ वापरात आहे. प्रौढ रुग्णाने तो वाचायचा आणि तज्ज्ञाने ऐकायचा. असा उतारा मराठीत रचणे हे वरवर पाहता अर्ध्या दिवसाचे काम वाटते. रचावयास बसले म्हणजे कळते की, त्यात दोन्ही च आणि दोन्ही ज यावेत, ळ स्वरांमध्येही यावा आणि शब्दाच्या अंतीही, ण-न आणि ल-ळ यांचे भेद असावेत, महाप्राण शब्दाच्या मध्यभागीही असावेत, अनुनासिके मोजून असावीत म्हणजे गेंगाणेपणा कळेल, आणि त्यांच्याशिवायचीही दोन-तीन वाक्ये असावीत. शब्द असे हवेत की ते बेळगावच्या, नागपूरच्या आणि कोलकात्यात तीन पिढ्या काढलेल्या मराठी माणसालाही ओळखीचे असतील. वाक्ये इतकी सोपी हवीत की चौथी शिकलेल्याने ती वाचावीत, आणि इतकी पोरकट नसावीत की निवृत्त शिक्षकाला वाचताना संकोच वाटावा. वाचता न येणाऱ्यासाठी त्याच मजकुराचे ऐकून म्हणावयाचे रूप वेगळे करावे लागेल. बंगालीतील उतारा याहून निराळा होईल: तेथे ह्रस्व-दीर्घाचा भेद उच्चारात नसल्याने तो तपासण्याचे कारण नाही, पण सात स्वर आणि त्यांची अनुनासिक रूपे सर्व आली पाहिजेत. शब्दनिवड साहित्याच्या अध्यापकाने करावी, वर्णांची मोजणी भाषावैज्ञानिकाने, आणि किमान काही डझन निरोगी माणसांकडून तो वाचून घेण्याचे काम वाचोपचाराच्या विद्यार्थ्यांनी.